कमी मेमरीच्या जुन्या डॉस संगणकावर मोडेम प्रोग्राम चालवायचा असेल तर

जुनं यंत्र हाती आलं, चालू झालं, स्क्रीनवर सी:\ आलं, की पुढची इच्छा हमखास होते ती त्याला बाहेरच्या जगाशी जोडायची. मीही तेच केलं. पण पहिला मोडेम (टेलिफोन लाईनवरून संगणक जोडणारं यंत्र) नीट चालायला मला तीन आठवडे लागले, कारण प्रत्येक अडचणीचं खापर मी मेमरीवर फोडत होतो. मेमरी कमी होती हे खरं, पण निम्म्या वेळा दोष केबलचा, इंटरप्टचा (‘इकडे लक्ष दे’ असं प्रोसेसरला सांगणाऱ्या खुणेचा) किंवा वेगाचा होता. त्यातून मला जो क्रम सापडला तोच इथे देतो आहे. याच क्रमाने गेलात तर काहीतरी अडल्यावर कुठे अडलं हे तुम्हाला लगेच कळेल.

लेखातल्या सगळ्या आज्ञा मी देवनागरीत, उच्चारतात तशा लिहिल्या आहेत. यंत्रावर त्या अर्थातच रोमन लिपीत आणि इंग्रजी अंकांत टाईप करायच्या. आज्ञांमध्ये ० दिसेल तिथे शून्यच टाका, ओ हे अक्षर नाही. ही चूक फार होते आणि ती डोळ्यांना दिसत नाही.

आधी जमवून ठेवा

- सुरू होणारी एक डॉस फ्लॉपी. यंत्राच्या ड्राइव्हमध्ये ती चालते हे आधीच पाहून ठेवा.
- कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या, यंत्र सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या दोन फाईलींची प्रत त्याच फ्लॉपीवर.
- सिरियल केबल. यंत्राच्या मागे ९ पिनांचा पोर्ट आहे की २५ पिनांचा ते बघून घ्या.
- मोडेम, आणि मिळाली तर त्याची पुस्तिका. आज्ञांची एक पानाची यादी मिळाली तरी पुरे.
- टर्मिनल प्रोग्राम, म्हणजे मोडेमशी बोलणारा प्रोग्राम. शक्यतो दोन वेगवेगळे.
- एक छोटी तार किंवा पेपरक्लिप. तिचं काम तिसऱ्या पायरीत आहे.
- वही आणि पेन. बदल एका वेळी एकच करायचा आणि तो लिहायचा.

१. यंत्रात नेमकं काय आहे ते पाहा

प्रोसेसर कोणता, मेमरी किती आणि डॉसची आवृत्ती कोणती, या तीन उत्तरांवर पुढचं सगळं ठरतं.

८०८८ किंवा ८०८६ असेल तर तुमच्याकडे जास्तीत जास्त ६४० केबी आहेत, आणि डॉसपासून मोडेम प्रोग्रामपर्यंत सगळं त्यातच बसवायचं आहे. २८६ असेल आणि १ एमबीच्या वर थोडी मेमरी असेल, तर डॉसचा मोठा भाग वर ढकलता येतो. ३८६ किंवा त्यापुढचं असेल तर ड्रायव्हरही (यंत्राचे भाग चालवणारे छोटे प्रोग्राम) वर नेता येतात.

डॉस ५ किंवा ६ असेल तर मेम /सी ही आज्ञा द्या. कोणता प्रोग्राम किती जागा खातो त्याची यादीच येते. डॉस ३.३ वर मेम ही आज्ञा नाही. तिथे चेकडिस्क (टाईप करताना सी-एच-के-डी-एस-के) चालवा, शेवटच्या दोन ओळींत एकूण आणि मोकळी मेमरी बाइटमध्ये दिसते. पूर्ण ६४० केबी असतील तर एकूण आकडा ६५५३६० येतो. त्याहून कमी आला तर बोर्डावरचा स्विच किंवा एखादी मेमरी चिप तपासायला हवी, मग बाकीचं.

२. मोडेम निवडताना एकच गोष्ट पक्की करा

मोडेम स्वतःचं काम स्वतः करणारा हवा. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात अनेक स्वस्त मोडेम असे आले की ज्यांत सिग्नलचं गणित संगणकाच्या प्रोसेसरवर टाकलेलं असतं. त्यांना विनमोडेम किंवा सॉफ्टमोडेम म्हणतात. त्यांना विंडोजचा ड्रायव्हर लागतो, आणि साध्या डॉसवर ते चालत नाहीत. कार्ड पीसीआय स्लॉटचं असेल आणि त्यावर मोजक्याच चिप असतील तर सावध व्हा. जंपर (पिना जोडणारी छोटी टोपणं) असलेलं, जुन्या आयएसए स्लॉटचं कार्ड बहुतेक वेळा खरा मोडेम असतो. बाहेरचा, सिरियल केबलने जोडायचा आणि स्वतंत्र वीज घेणारा मोडेम सर्वांत बिनधोक.

टेलिफोन लाईन नसेल, किंवा असलेली लाईन इंटरनेटवरून चालणारी असेल, तर वायफाय मोडेम हा चांगला मार्ग आहे. ईएसपी८२६६ नावाच्या चिपवर बनवलेली ही छोटी डबी संगणकाशी जुन्या मोडेमसारखंच बोलते. तुम्ही एटीडीटी लिहून फोन नंबराऐवजी सर्व्हरचा पत्ता देता आणि ती टेलनेटने, म्हणजे इंटरनेटवरून अक्षरं पाठवायच्या जुन्या पद्धतीने, जोडून देते. मात्र ही चिप ३.३ व्होल्टची आहे आणि जुन्या सिरियल पोर्टवर धन-ऋण दोन्ही बाजूंना १२ व्होल्टच्या आसपास दाब असतो. त्यामुळे मध्ये मॅक्स३२३२ सारखी पातळी बदलणारी चिप लागतेच. ती नसलेला उघडा बोर्ड थेट जोडलात तर चिप जळेल.

३. मोडेम लावण्याआधी केबल तपासा

ही पायरी वगळायचा मोह होतो. माझे पहिले चार दिवस हिच्याअभावीच गेले.

मोडेमसाठी सरळ केबल लागते, म्हणजे इकडची २ नंबरची पिन तिकडेही २ लाच जाते. दोन संगणक जोडायची नल-मोडेम केबल बाहेरून हुबेहूब तशीच दिसते, पण तिच्यात पाठवायची आणि घ्यायची तार उलटलेली असते. ती लावली तर मोडेम काहीच उत्तर देत नाही. तिसरा प्रकार म्हणजे तीनच तारा असलेली केबल. हिच्यावर टाईप केलेलं दिसतं, जोडणीही होते आणि मोठी फाईल घ्यायला गेलात की अक्षरं गळतात, कारण ‘थांब’ सांगणाऱ्या आरटीएस आणि सीटीएस या तारा त्यात नसतात.

चाचणी सोपी आहे. केबल यंत्राला लावा आणि तिचं दुसरं टोक मोकळं ठेवा. टर्मिनल प्रोग्राम उघडा. त्यातला लोकल एको (टाईप केलेलं प्रोग्रामने स्वतःच स्क्रीनवर दाखवणं) बंद करा, नाहीतर केबल तुटकी असली तरी अक्षरं दिसतील. आता मोकळ्या टोकाच्या २ आणि ३ या पिना तारेने जोडा. ९ पिनांच्या आणि २५ पिनांच्या दोन्ही प्रकारांत याच दोन पिना. काही टाईप करा. ते स्क्रीनवर उमटलं आणि तार काढताच उमटायचं थांबलं, तर पोर्ट, केबल आणि प्रोग्राम तिन्ही ठीक आहेत. प्रोग्रामात हार्डवेअर फ्लो कंट्रोल (याच तारांनी ‘थांब’ सांगायची सोय) चालू असेल तर आरटीएस आणि सीटीएसही एकमेकांना जोडावे लागतील: ९ पिनांत ७ आणि ८, २५ पिनांत ४ आणि ५.

४. पोर्ट आणि इंटरप्ट

चार सिरियल पोर्टांचे ठरलेले पत्ते असे:

- कॉम१: पत्ता ३एफ८, इंटरप्ट ४
- कॉम२: पत्ता २एफ८, इंटरप्ट ३
- कॉम३: पत्ता ३ई८, इंटरप्ट ४
- कॉम४: पत्ता २ई८, इंटरप्ट ३

पोर्ट चार आहेत पण इंटरप्ट दोनच. माऊस कॉम१ वर आणि आतला मोडेम कॉम३ वर अशी मांडणी केलीत, तर मोडेम चालू होताच माऊस गोठतो किंवा मोडेमच गप्प बसतो. माऊस कॉम१, मोडेम कॉम२ ठेवा. आतल्या कार्डाला कॉम२ द्यायचा असेल तर बोर्डावरचा मूळ कॉम२ जंपरने किंवा बायोसमधून बंद करा, नाहीतर एका पत्त्यावर दोघे बसतील. कॉम४ टाळाच, काही व्हिडिओ कार्डं तोच पत्ता वापरतात.

याच वेळी सिरियल पोर्टची चिप कोणती आहे तेही पाहून घ्या. डॉस ६ बरोबर आलेल्या एमएसडी प्रोग्राममध्ये कॉम पोर्टांच्या पानावर ती दिसते. उत्तर वहीत लिहा, आठव्या पायरीत लागेल.

५. मेमरी मोकळी करा: आधी काढा, मग हलवा

इथे बहुतेक जण उलट्या बाजूने सुरुवात करतात. मेमरी मॅनेजर लावतात, सगळं वर ढकलायचा प्रयत्न करतात आणि तासन् तास ओळींचा क्रम बदलत बसतात. माझं मत ठाम आहे: मोडेम वापरताना जे लागत नाही ते मुळातच चढवू नका. न चढवलेला ड्रायव्हर जागाही खात नाही आणि वेळही खात नाही.

काय काढता येतं? आन्सी.सिस काढा, कारण चांगला टर्मिनल प्रोग्राम रंग आणि कर्सरच्या आज्ञा स्वतःच समजतो. डॉसकी, शेअर, प्रिंट, कोडपेजसाठीचा डिस्प्ले.सिस, सीडीरॉमचा ड्रायव्हर, माऊसचा ड्रायव्हर हे सगळंही जाऊ शकतं. डबलस्पेससारखं डिस्क दाबून ठेवणारं साधन असेल तर ते तर पहिलं. ते भरपूर मेमरी अडवतंच, शिवाय फाईल लिहिताना प्रोसेसरला कामाला जुंपतं, आणि नेमकं तेव्हाच मोडेमकडून अक्षरं येत असतात.

डॉस ६ मध्ये कॉन्फिग.सिसमध्येच सुरुवातीचा मेनू करता येतो: एक पर्याय रोजचा, एक मोडेमचा. डॉस ५ किंवा त्याआधीचं असेल तर मोडेमसाठी वेगळी फ्लॉपी करा. रोजची मांडणी न मोडता काम होतं.

एवढं झालं की मग हलवा. ३८६ वर माझ्या मोडेमच्या मांडणीतली कॉन्फिग.सिस अशी आहे:

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस
डॉस=हाय,यूएमबी
फाईल्स=२०
बफर्स=१५
स्टॅक्स=९,२५६

हायमेमची ओळ पहिली हवीच, तिच्याशिवाय पुढच्या दोन्ही फोल. डॉस=हायमुळे डॉसचा मोठा भाग १ एमबीच्या लगेच वरच्या सुमारे ६४ केबीच्या पट्ट्यात जातो आणि खालचे चाळीसएक केबी मोकळे होतात. एका ओळीत एवढा फायदा दुसरं काहीच देत नाही. २८६ वर दुसरी ओळ गाळा आणि तिसरीत फक्त डॉस=हाय ठेवा. ८०८८ वर पहिल्या तिन्ही ओळींचा उपयोग नाही. तिथे डॉस ५ किंवा ६ पेक्षा १९८७ चं डॉस ३.३ बरं, कारण वर जायला जागाच नसते तेव्हा ते कमी मेमरी अडवतं.

स्टॅक्सची ओळ ०,० करून दोनअडीच केबी वाचवा असा सल्ला तुम्हाला कुठेतरी मिळेल. मोडेमच्या मांडणीत तो ऐकू नका. सिरियल पोर्ट सतत इंटरप्ट देत असतो, आणि स्टॅक अपुरे पडले तर जोडणी चालू असताना यंत्र संदेश देऊन जागीच थांबतं.

आता ईएमएम३८६ बद्दल. तो चढवला की ३८६ वेगळ्या पद्धतीने, आभासी ८०८६ म्हणून चालू लागतो आणि प्रत्येक इंटरप्ट मधल्या एका थरातून जातो. थोडाच उशीर होतो. पण सिरियल चिप जुनी असेल तर तेवढ्या उशिरातही अक्षर हरवतं. म्हणून आधी ईएमएम३८६ शिवाय करून पाहा. प्रोग्राम बसतो आहे का? बसत असेल तर तिथेच थांबा. मोकळ्या मेमरीचा मोठा आकडा पाहून बरं वाटतं हे मला ठाऊक आहे, पण प्रोग्रामला लागते त्याहून जास्त मोकळी मेमरी तुम्हाला काहीच देत नाही.

बदल केल्यावर यंत्र सुरूच झालं नाही, तर डॉस ६ वर सुरुवातीचा संदेश दिसताच एफ५ दाबा, दोन्ही फाईली वगळल्या जातात. एफ८ दाबलंत तर एकेक ओळ विचारून घेतली जाते. आधीच्या आवृत्त्यांवर तुमची फ्लॉपी आहेच.

६. टर्मिनल प्रोग्राम

टेलिक्स, प्रोकॉम, क्यूमोडेम आणि एमएस-डॉस करमिट ही नावं तुम्हाला वारंवार भेटतील. निवडताना फाईलीचा आकार पाहून फसू नका. प्रोग्राम डिस्कवर लहान असतो आणि चालू झाल्यावर बफरांसाठी मेमरी मागतो.

सर्वांत मोठा छुपा खर्च मागचा मजकूर साठवणाऱ्या बफरचा. ८० अक्षरांच्या २५ ओळी, प्रत्येक अक्षरासोबत रंगाचा एक बाइट, म्हणजे एका स्क्रीनला ४००० बाइट. २० स्क्रीन साठवायच्या तर ८०,००० बाइट, सुमारे ७८ केबी. सेटिंगमध्ये जाऊन हे पाच स्क्रीनवर आणा. करमिटमध्ये हा आकडा करमिट याच नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलने, रोलबॅक शब्दापुढे देऊन ठरवता येतो.

दुसरा सापळा बाहेरच्या प्रोटोकॉलचा. काही प्रोग्राम झेडमोडेम (फाईल पाठवायची एक पद्धत, म्हणजेच प्रोटोकॉल) स्वतः करत नाहीत, त्यासाठी डीएसझेडसारखा वेगळा प्रोग्राम बोलावतात. त्या वेळी पहिला प्रोग्राम मेमरीतच बसून असतो आणि वर दुसऱ्याला जागा हवी असते. गप्पा, मेनू सगळं सुरळीत चालतं आणि फाईल घ्यायच्या क्षणी मेमरी अपुरी असल्याचा संदेश येतो, तो यामुळे. मेमरी तंग असेल तर झेडमोडेम आतच असलेला प्रोग्राम निवडा. टेलिक्समध्ये तो आहे. करमिटमध्ये झेडमोडेम नाही, पण करमिटचा स्वतःचा प्रोटोकॉल खराब लाईनवर फार चिवटपणे तग धरतो, म्हणून मी दोन्ही ठेवतो.

एखादा प्रोग्राम फॉसिल ड्रायव्हर (सिरियल पोर्ट हाताळणारा मधला प्रोग्राम) मागत असेल, म्हणजे एक्स०० किंवा बीएनयू, तर त्याचीही मेमरी धरा. नुसत्या टर्मिनलसाठी सहसा त्याची गरज पडत नाही.

७. मोडेमशी पहिलं बोलणं

पोर्ट, वेग ९६००, आठ बिट, पॅरिटी (चूक ओळखायचा जादा बिट) नाही, एक स्टॉप बिट असं ठरवून एटी टाईप करा आणि एंटर दाबा. ओके आलं पाहिजे. मोडेमांची ही भाषा हेझ कंपनीच्या १९८१ च्या स्मार्टमोडेमपासून चालत आली आहे, म्हणून वायफाय मोडेमही तीच बोलतात.

काहीच उमटलं नाही पण कामं होत असतील तर एटीई१ द्या, प्रतिध्वनी बंद असेल. मग या क्रमाने:

- एटी&एफ: कारखान्यातल्या मूळ मांडणीवर आणा.
- एटी&सी१&डी२: कॅरियरची (पलीकडच्या मोडेमच्या सिग्नलची) खरी स्थिती कळवा, आणि प्रोग्रामने डीटीआर (‘मी तयार आहे’ ही खूण) सोडला की फोन ठेवा.
- एटी&के३: हार्डवेअर फ्लो कंट्रोल. यूएस रोबोटिक्सच्या मोडेमवर याऐवजी &एच१&आर२ लागतं.
- एटीएस०=०: आपोआप फोन उचलू नको.
- एटी&डब्ल्यू: हे सगळं जतन कर.

पुढच्या वेळी फक्त एटीझेड पुरतं. एक्सचेंजचा डायल टोन मोडेमला ओळखता येत नसेल तर एटीएक्स३ देऊन पाहा, मग तो टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो. जोडणी चालू असताना मोडेमला आज्ञा द्यायची तर सेकंदभर काहीही टाईप न करता थांबा, तीन अधिक चिन्हं पटकन टाका आणि पुन्हा सेकंदभर थांबा. एंटर दाबायचं नाही. ओके आलं की एटीएच.

फ्लो कंट्रोल मोडेममध्ये आणि प्रोग्राममध्ये दोन्हीकडे सारखंच हवं. प्रोग्राममधला एक्सऑन-एक्सऑफ बंद करा. तो १७ आणि १९ क्रमांकाच्या बाइटना ‘चालू’ आणि ‘थांब’ समजतो, आणि तेच बाइट फाईलीतही असतात. एक्समोडेमची फाईल अशा वेळी मध्येच अडकून बसते.

८. वेग: लाईनपेक्षा यंत्राला झेपेल तो

एका अक्षराला तारेवर दहा बिट लागतात. ९६०० वेगाला सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे साधारण दर मिलिसेकंदाला एक. जुन्या ८२५० आणि १६४५० चिपमध्ये आलेल्या एकाच अक्षरापुरती जागा असते. पुढचं अक्षर पूर्ण यायच्या आत प्रोसेसरने ते उचललं नाही तर ते गेलं. ४.७७ मेगाहर्ट्झच्या ८०८८ ला ९६०० वेगाला एका अक्षरामागे घड्याळाचे सुमारे ५००० ठोके मिळतात. यात अक्षर उचलायचं, स्क्रीनवर लिहायचं आणि वेळ आली की स्क्रीन सरकवायची. ११५२०० वेगाला मिळतात जेमतेम ४१४. तिथे तो पुरा पडणार नाही.

१६५५०ए चिपमध्ये १६ अक्षरांची रांग असते, त्यामुळे प्रोसेसरला उसंत मिळते. नावातलं ए महत्त्वाचं आहे. मूळ १६५५० मधली रांग सदोष होती, ती ए मध्ये दुरुस्त झाली. बोर्डावरची जुनी चिप खोबणीत बसवलेली असेल तर ती काढून १६५५०ए बसवता येते, दोन्हींच्या पिना जुळतात. आतला मोडेम स्वतःची चिप घेऊन येतो, तोही मार्ग आहे.

मी असा ठरवतो: ८०८८ वर ९६०० पासून सुरुवात, अक्षरं गळली तर २४००. जुनी चिप असलेल्या ३८६ वर १९२००. १६५५०ए असेल तर ३८४०० किंवा ५७६००. मोडेम लाईनवर कितीही वेगाने बोलत असला तरी संगणक आणि मोडेम यांच्यातला वेग एकाच आकड्यावर बांधून ठेवा, नाहीतर जोडणी होताच स्क्रीनवर कचरा दिसतो. कचरा असूनही मधले काही शब्द वाचता येत असतील तर पलीकडे सात बिट आणि सम पॅरिटी आहे का ते पाहा.

आता डिस्क कॅश, म्हणजे डिस्कवरचा मजकूर मेमरीत साठवून ठेवणारी सोय. माझ्या २ एमबीच्या ३८६ वर दर फाईल ठरावीक अंतराने चुका दाखवायची. लाईन बदलली, मोडेम बदलला, तरी तेच. एका रात्री डिस्कचा दिवा पाहत बसलो तेव्हा लक्षात आलं की दिवा लागतो तेव्हाच चूक येते. कॅश साठवलेलं सगळं एकदम डिस्कवर ओतत होती आणि तेवढा वेळ सिरियल पोर्टकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. कॅश काढली आणि चुका थांबल्या. ज्यांच्याकडे १ एमबीच्या वर पुरेशी मेमरी आहे त्यांनी तिचा आणखी चांगला उपयोग करावा: रॅमड्राइव्ह.सिस १०२४ /ई अशी डिव्हाइसची ओळ हायमेमच्या खाली घालून १ एमबीची मेमरीतली डिस्क बनवा, फाईल तिच्यात उतरवा आणि फोन ठेवल्यावर खऱ्या डिस्कवर कॉपी करा. वीज गेली तर फाईल जाईल, म्हणून कॉपी लगेच करा.

९. फाईल उतरवताना

शक्य असेल तिथे झेडमोडेम. जोडणी तुटली तरी उरलेला भाग तिथूनच पुढे घेता येतो. ९६०० वेगाला ३६० केबीची फ्लॉपी भरेल एवढा मजकूर यायला काहीच चूक झाली नाही तरी साडेसहा मिनिटं लागतात, त्यामुळे हे फार मोलाचं आहे. वॉर्ड क्रिस्टनसन यांचा १९७७ चा एक्समोडेम सगळीकडे सापडतो, पण तो १२८ बाइटचे ठोकळे पाठवतो आणि शेवटचा ठोकळा भरायला जास्तीचे बाइट जोडतो. उतरलेली फाईल मुळापेक्षा थोडी मोठी दिसली तर ती याच कारणाने. झिप बहुधा तरीही उघडते.

वायफाय मोडेमवर गप्पा ठीक चालतात आणि झेडमोडेम मात्र दर वेळी मोडतो, असं झालं तर टेलनेटची सेटिंग पाहा. टेलनेटमध्ये २५५ क्रमांकाच्या बाइटला विशेष अर्थ आहे आणि तो दुहेरी पाठवावा लागतो. तुमची डबी आणि पलीकडचा सर्व्हर, दोघांची याबाबत समजूत एकच हवी.

शेवटी एक चाचणी करा. साधारण १०० केबीची झिप पलीकडे पाठवा, तीच दुसऱ्या नावाने परत घ्या आणि एफसी /बी देऊन दोन्ही फाईली ताडून पाहा. एकही फरक आला नाही, तर त्या क्षणाची कॉन्फिग.सिस, ऑटोएक्झेक.बॅट आणि टर्मिनल प्रोग्रामची सेटिंग फाईल एका फ्लॉपीवर घ्या, तिच्यावर लिहिण्याची सोय बंद करा आणि लेबलवर पोर्ट, इंटरप्ट, वेग आणि मोडेमची सुरुवातीची आज्ञा लिहून ठेवा.